एका घणाची लोंबी

नवरा जाऊन पुरते आठ दिवसही झाले नव्हते, तेव्हा शुक्रीच्या हातात घण आला. बावन्न सालची गोष्ट. तिचा नवरा बारक्या वाणगावच्या दौलतशेटकडे घणकरी होता. पावसाळी तापात तो चार दिवसांत आटोपला, आणि रानशेतच्या पाड्यावर शेटचा निरोप आला तो एवढाच की बारक्याच्या जागी कोण येतंय. पाड्यावरचे दोघे जाऊन आले. एकाला दौलतनं दुपारीच घालवून दिलं, दुसरा आपणहून पळाला. तिसऱ्या दिवशी शुक्री मोळी विकायला वाणगावच्या बाजारात आली होती, ती बारक्याचे राहिलेले तांदूळ मागायला दौलतच्या शेडीत शिरली. दौलतनं तिच्या डोक्यावरची मोळी बघितली, मान बघितली, दंड बघितले. बाजारात बैल पारखतात तसा तो तिच्याभोवती एक फेरी मारून आला.

"उचल बघू तो घण," तो म्हणाला.

"मना तांदूळ हवे, शेट."

"उचल. मग तांदूळ."

शुक्रीनं मोळी उतरवली, लुगड्याचा काचा घट्ट केला आणि घण उचलला. बारक्याची भाकर घेऊन ती कितीदा तरी इथं आली होती. तो जेवायला बसेपर्यंत दारात उभी राहून त्याचं काम बघायची. ते बघणं तिच्या अंगात कधी उतरलं होतं, तिलाच ठाऊक नव्हतं. आठ शेरांचा तो घण तिनं डोक्यामागून फिरवून ऐरणीवर असा आणला की पत्र्यावरचे कावळे उडाले. दौलत खूष झाला. "बारक्या उगाच जगला इतके दिवस," असं तो हसत म्हणाला, आणि तांदूळ मोजून द्यायला बायकोला हाक मारली.

हा दौलत बोर्डीच्या वाडीतला धाकटा. घरी चिकू, नारळ, पाटाचं पाणी, सगळं होतं. पण झाडांच्या बुंध्यात पाणी सोडत बसायचा त्याला कंटाळा. मुंबईला एका डायवाल्याच्या हाताखाली सहा वर्षं काढून तो वाणगावला आला आणि स्टेशनापलीकडे दोन खणांची पत्र्याची शेड टाकून बसला. हाताला कला होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. माणूस मात्र नालायक होता.

डाय म्हणजे पोलादाचा मूठभर ठोकळा. त्याच्या तोंडावर नक्षी खोल आणि उलटी. सोनार तिच्यावर चांदीचा पातळ पत्रा ठेवून ठोकतो आणि बांगडीवरचं फूल, पैंजणावरची कोयरी पत्र्यात उठते. प्रत्येक डाय हातानं कोरायची तर महिना जातो. म्हणून दौलत नक्षी एकदाच कोरायचा, ती एका जाड पोलादी खिळ्याच्या तोंडावर. हा झाला ठसा. ठशाचं तोंड लाल करून झटक्यात पाण्यात बुडवलं की ते कडक होतं. त्याला पाणी पाजणं म्हणतात. मग ठोकळा भट्टीतून लालभडक काढायचा, त्यावर दौलतनं ठसा सांडशीनं उभा धरायचा आणि वरून शुक्रीनं घण घालायचा. ठसा ठोकळ्यात रुतला की डाय तयार.

ठशाचं तोंड कडक करायचं, पण ज्यावर घण पडतो तो माथा मऊ ठेवायचा, ही जुनी रीत. मऊ माथा मार खाऊन पसरतो. दिवसभरात त्याच्या कडा फुलकोबीसारख्या फुलायच्या आणि संध्याकाळी शुक्री त्या कानशीनं घासून साफ करायची. पण मऊ माथा निम्मा मार स्वतःच गिळतो. मग एका घणात भागत नाही, तीन लागतात. तेवढ्या वेळात ठोकळ्याच्या आचेनं ठशाचं पाणी उतरायला लागतं, आणि दुसऱ्या घणाला ठसा केसभर जरी सरकला तरी नक्षी दुहेरी उठते. मग ती बारीक छिन्नीनं साफ करत दौलत आठ-आठ दिवस बसायचा आणि शिव्या शुक्रीला खाव्या लागायच्या.

शिव्यांचं तिला फारसं काही वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर घण घालणं तिला आवडायचं. गवत कापायला माणसं शंभर मिळतात, भात लावायला दोनशे. पण लाल ठोकळा ऐरणीवर आला की दौलतशेटसुद्धा श्वास रोखून तिच्या हाताची वाट बघायचा. जगात एवढ्या एका जागी कुणी शुक्रीची वाट बघत होतं. ओट्यावर तिच्यासाठी वेगळी करवंटी ठेवलेली, पाणी वरून ओतून मिळायचं, तेही तिनं मनाला लावून घेतलं नाही. मुंबईहून कुणी सोनार आला की दौलत तिच्या दंडावर थाप मारून सांगायचा, "लोक दाबाचं यंत्र घेतात. मला काय गरज? ही माझं यंत्र. तांदळावर चालतं."

छप्पन साली लग्नसराईच्या आधी असाच एक सोनार आला. त्याला भाताच्या लोंबीची नक्षी हवी होती, दाणा न् दाणा वेगळा, दाण्याच्या टोकाचं केसाएवढं कूससुद्धा दिसलं पाहिजे अशी. दौलतनं दीड महिना बसून ठसा कोरला. इतकं बारीक काम तीन घणांत उतरणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या घणाला सगळी कुसं पुसली गेली असती. तेव्हा दौलतनं एक गोष्ट केली. तोंडाबरोबर त्यानं ठशाच्या माथ्यालाही पाणी पाजलं. कडक माथा मार गिळणार नाही, सगळा खाली देईल, आणि लोंबी एका घणात उतरेल.

त्या सकाळी शुक्रीनं सवयीनं माथ्यावर कानस फिरवली. कानस धरेना. काचेवरून घसरावी तशी किरकिरत सरकली.

"शेट, माथा कडक झाला. कानस घसरते."

"कडकच हवा. तू तुझं बघ."

सोनार शेजारी उभा. ठोकळा ऐरणीवर आला, ठसा उभा राहिला, शुक्रीनं सगळं अंग ओतून घण आणला. रोजचा 'ठप्प' आवाज आला नाही. टण्ण असा आवाज आला, देवळातली घंटा कुणी दगडानं मारावी तसा. आणि उकळत्या पाण्याचा एक थेंब डाव्या डोळ्यात उडावा तसं तिला वाटलं. एवढंच. दुखलंसुद्धा नाही लगेच.

दौलतनं ठसा उचलला. तो आणि सोनार ठोकळ्यावर वाकले. लोंबी उतरली होती. दाणा न् दाणा, कूस न् कूस.

"वा!" सोनार म्हणाला. "एका घणात!"

"एका घणात," दौलत म्हणाला.

शुक्री मागं उभी होती. गालावरून ओघळणारं पाणी तिनं हातानं पुसलं, तर हात लाल झाला. तिनं हाक मारली नाही, कारण शेट कामात होते. शेवटी दारातून आत आलेल्या कुसुमबाईनं, दौलतच्या बायकोनं, किंचाळी फोडली तेव्हा त्या दोघांनी मान वर केली.

पुढं जे झालं ते सांगताना अजून राग येतो. शेडीत घोड्याच्या नालासारखा एक लोहचुंबक होता, लोखंडाचा कीस गोळा करायचा. दौलतनं शुक्रीला ऐरणीला टेकवून बसवलं, कुसुमबाईला तिचं डोकं धरायला लावलं आणि तो चुंबक तिच्या डोळ्याशी आणला. आतला तुकडा हलला. "हलतंय, हलतंय!" दौलत हरखून ओरडला, एखाद्या पोराच्या हाती पतंग लागावा तसा. त्यानं चुंबक डावीकडे नेला, उजवीकडे नेला, आणि डोळ्याच्या आत तो तुकडा चुंबकामागं फिरत राहिला. शुक्री शुद्धीवर आली तेव्हा डोळ्यावर फडकं होतं आणि तुकडा आतच होता.

मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं, असं कुसुमबाई दोनदा म्हणाली. दौलत म्हणाला, आठ दिवसांनी डाया द्यायला मुंबईला जायचंच आहे, तेव्हा नेऊ. आठ दिवसांनी तो गेला. डाया घेऊन गेला. शुक्री स्टेशनवर दुपारपर्यंत बसून होती. त्यानं सकाळचीच गाडी धरली होती.

परत आला तो मात्र गोड बोलत. "डोळा तर गेलाच होता गो, डॉक्टर काय करणार? पण ऐक, मुंबईत काचेचे डोळे मिळतात. खऱ्यापेक्षा देखणे. तुला एक आणतो. कबूल."

शुक्रीला ते खरं वाटलं. वाटायचं कारण असं की शेट डोळ्यांत बघून बोलला होता, तिच्या उरलेल्या एका डोळ्यात. ती प्रत्येक मुंबईच्या खेपेनंतर विचारायची, "शेट, डोळा?" आणि तो कपाळावर हात मारायचा. "विसरलो बघ. पुढच्या खेपेला." वर्षभरात त्या डोळ्याचा रंग पालटला. बुबुळ तपकिरी पडलं, आतल्या लोखंडाला गंज चढला होता. पाड्यावरच्या बायका तिच्यासमोर पोरं आणेनाशा झाल्या. लग्नाच्या मांडवात तिला कुणी पुढं बोलवेना. आणि एका डोळ्याची बाई कापणीला कोण घेणार? भट्टी, ऐरण आणि घण, एवढंच तिला उरलं. तीन महिन्यांत ती एका डोळ्यानं घण घालायला शिकली. आधी घण ठशाच्या माथ्याला हलकेच टेकवायचा, जागा हाताला कळते, मग फिरवायचा.

पुढल्या उन्हाळ्यात डहाणूहून सदू फिटर भट्टीचा पंखा दुरुस्त करायला आला. म्हातारा, लढाईच्या वर्षांत मुंबईकडे कुठल्याशा तोफगोळ्यांच्या कारखान्यात राबलेला. पाणी प्यायला टेकला असताना त्याची नजर घणावर गेली. घणाच्या तोंडाच्या कडेला नखाएवढा खळगा होता, शिंपलीसारखा.

"याचा टवका कुठं गेला?" त्यानं चेष्टेनं विचारलं.

"हितं," म्हणून शुक्रीनं डोळ्याला बोट लावलं.

सदूची चेष्टेची मुद्रा गेली. त्यानं घण गुडघ्यांत धरून त्या खळग्यावर बोट फिरवलं. पोलाद मोडतं तेव्हा मोडलेली जागा रव्यासारखी दाणेदार दिसते. ही जागा गुळगुळीत, चकचकीत होती. मग त्यानं घणाची ती कड कानशीनं सपाट केली, बारीक दगडावर पाणी टाकून आरशासारखी घासली आणि सोनारकामासाठी ठेवलेल्या तेजाबाचा एक थेंब त्यावर सोडला. दौलत उगाच इकडेतिकडे करत होता, पण कान तिकडेच होता. तेजाबानं पोलाद काळवंडलं. सगळं काळवंडलं, फक्त कडेच्या आत एक रेघ पांढरी राहिली. केसाएवढी बारीक, वाकडी, खळग्याच्या शेजारून आत गेलेली.

"हे बघ पोरी," सदू म्हणाला. शेट तिथंच असताना तो शुक्रीशी बोलला, हे तिच्या जन्मभर लक्षात राहिलं. "लोखंड हळूहळू दाबलंस, तर सगळं अंग मिळून तो भार घेतं. आत गरम होतं, पण ते पसरतं, निवतं. तेच झटक्यात मारलंस, तर पसरायला वेळच मिळत नाही. सगळी आग एका केसाएवढ्या रेघेत गोळा होते. तेवढी रेघ मेणासारखी मऊ पडते आणि आजूबाजूचं पोलाद ताठच्या ताठ. मग काय, त्या रेघेवरून तुकडा सरकतो न् सुटतो. गोळीसारखा सुटतो."

"मग मऊ माथ्याचा का नाय सुटत?"

"मऊ माथा पसरतो. त्याला पसरायला जागा असते, मार त्यात जिरतो. दोन्हीकडून कडक, तर दोघांतला एक फुटणारच. घण फुटेल नाहीतर ठसा." मग तो दौलतकडे वळला. "हा घण टाकून दे. ही रेघ दिसली, आत न दिसलेल्या आणखी असतील. एका घणात रेघ बनते, दुसऱ्या घणात तुकडा सुटतो. आणि माथा मऊ ठेव. कडकच हवा असेल तर वर तांब्याची टोपी घाल."

दौलत "बराबर, बराबर" म्हणाला. सदू गेल्यावर त्यानं घण टाकून दिला नाही. दगडावर घासून कड गोल केली, खळगा नाहीसा झाला, आणि घण पूर्ववत कोपऱ्यात उभा राहिला. तांब्याची टोपी मात्र करून घेतली. माथाही मऊ ठेवायला लागला. शुक्रीची दया आली म्हणून नव्हे. त्या दिवशी ठसा धरून आपणही तिथंच बसलो होतो आणि टवक्याला दोन दिशा होत्या, हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

चार वर्षं अशी गेली. मऊ माथा, तांब्याची टोपी, तीन घण, दुहेरी नक्षी, आठ दिवसांची साफसफाई. तेवढ्यात चिंचणीकडल्या एकानं दाबाचं यंत्र आणलं आणि सोनार तिकडे वळले. दौलतकडे आता जुनी गिऱ्हाइकं यायची ती डाय घ्यायला कमी आणि 'एका घणाची लोंबी' आठवायला जास्त. त्या एका डायवर त्याचं नाव चाललं होतं. तिच्यातून निघालेल्या बांगड्या डहाणूपासून मुंबईपर्यंत किती नवऱ्या मुलींनी घातल्या असतील, याचा हिशोब नाही. एक जोड कुसुमबाईच्याही हातात होता.

एकसष्ट सालच्या फाल्गुनात ती डाय तडकली. तोच मुंबईचा सोनार धावत आला. वैशाखातली लग्नं तोंडावर होती, तशीच डाय हवी होती, आणि दहा दिवसांत. "जमत नसेल तर सांगा, चिंचणीला जातो," एवढंच तो म्हणाला. दौलतला ते झोंबलं. जुना ठसा फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता. त्यानं तो बाहेर काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शुक्रीनं माथ्यावर कानस लावली आणि कानस घसरली.

तिनं कानस खाली ठेवली. कोपऱ्यातल्या डबीतून तांब्याची टोपी आणली आणि शेटपुढं धरली.

"टोपी घाला, शेट."

"टोपी मार खाते. लोंबी उतरायची नाही."

"मग दुसरा घण आणा. ह्याच्या पोटात रेघा हायेत. सदूदादा सांगून गेला."

"तो सदू तुझा कोण लागतो? मी सांगतो ते कर."

"शेट, मना एकच डोळा हाय."

तेव्हा दौलत जे म्हणाला ते कुसुमबाईनं दारातून ऐकलं, आणि पुढं कित्येक वर्षं तिनं ते कुणाला सांगितलं नाही. तो म्हणाला, "दोन डोळ्यांचं काम एकानं होतंय ना? ठसा धरायला डोळे लागतात, घण घालायला नाही. मारायचं नसेल तर जा. तुझ्यासारख्या छप्पन पडल्यात."

कुठं जायचं, हा प्रश्नच होता. रानशेतला तिचं झोपडंसुद्धा आता दिराच्या ताब्यात होतं. भट्टीत ठोकळा लाल झाला होता. मग शुक्रीनं लुगड्याचा पदर सोडला, दोनपदरी घडी केली आणि चांगल्या डोळ्यावरून घेऊन डोक्यामागं घट्ट गाठ मारली.

दौलतला हसू आवरेना. "आंधळी घण घालणार? आता तमाशाच बाकी होता."

"ऐरण कुठं जात नाय, शेट. तुम्ही पण डोळे झाका."

"मी डोळे झाकले तर ठसा काय तुझा बारक्या धरील?" त्यानं ठोकळा ऐरणीवर घेतला, ठसा उभा केला आणि ठसा सरळ आहे का हे बघायला तोंड खाली, अगदी जवळ नेलं. "चल. अंग ओतून."

मुद्दाम केलं का, असं पुढं लोकांनी विचारलं. ती घण हलका घालू शकली असती. घालता घालता हात आखडता घेणं तिला येत होतं, नऊ वर्षांत तेवढं कुणालाही येतं. तसं केलं असतं तर लोंबी बिघडली असती, तिनं शिव्या खाल्ल्या असत्या आणि सगळ्यांचे डोळे शाबूत राहिले असते. तिनं हात आखडता घेतला नाही. शेटनं अंग ओतून म्हटलं, तिनं अंग ओतलं. दोनदा बजावून झालं होतं. त्या घडीला तिला दौलतची कीव आली नाही, आणि यावी असं काही त्यानं केलंही नव्हतं.

घण माथ्याला टेकवून तिनं जागा घेतली. मग फिरवला. टण्ण असा आवाज आला.

पाठोपाठ सांडशी जमिनीवर पडल्याचा आवाज आला. मग काहीतरी जड पडलं. शुक्रीनं गाठ सोडली. दौलत ऐरणीच्या बुंध्याशी गुडघ्यांवर होता, दोन्ही तळवे उजव्या डोळ्यावर, आणि बोटांतून रक्त येत होतं. उजवा डोळा म्हणजे ज्याला भिंग लावून तो कोरायचा तो.

शुक्रीनं त्याच्याकडे बघितलं. मग ती ऐरणीवर वाकली आणि ठोकळा निरखून बघितला. तिच्याकडे वेळ होता.

"लोंबी उतरली, शेट," ती म्हणाली. "एका घणात."

दौलतला त्याच दुपारच्या गाडीनं मुंबईला नेलं. दीड महिन्यानं तो परत आला तेव्हा त्याच्या उजव्या खोबणीत काचेचा डोळा होता. तपकिरी, चकचकीत, आत लाल धागेसुद्धा रंगवलेले. शुक्री त्याला बघायला स्टेशनवर गेली होती. त्याला बघायला म्हणण्यापेक्षा डोळा बघायला. पाच वर्षं ज्याची ती वाट बघत होती तो मिळायला फक्त दीड महिना लागतो, हे तिला त्या दिवशी कळलं. ती जागच्या जागी खाली बसली आणि रडली. स्वतःचा डोळा गेला तेव्हा ती रडली नव्हती.

पोलिसांत दौलत गेला नाही. माथ्याला पाणी कुणी पाजलं, टोपी कुणी काढली, हे विचारलं गेलं असतं, आणि सदू फिटर अजून जिवंत होता. त्यानं सोपा मार्ग धरला. ही चेटकीण आहे, डोळा बांधून माझा डोळा घेतला, असं तो वाणगावच्या बाजारात ज्याला त्याला सांगत सुटला. डोळा बांधला होता हे खरंच होतं, त्यामुळं बाकीचंही लोकांना खरं वाटलं. चिंचणीत, वाणगावात, डहाणूत कुठल्याही भट्टीवर तिला कुणी उभं केलं नाही. पाड्यावर तर तिच्या नावानं भगताला बसवलं. कौलाची सुपारी कोणत्या बाजूला पडते याची वाट न बघता शुक्री पहाटेच निघाली आणि चालत तलासरीला गेली. तिथं मोठ्या सडकेचं काम चाललं होतं, खडी फोडायला माणसं लागत होती आणि तिथं कुणी कुणाचे डोळे मोजत नव्हतं.

सडकेच्या कडेला सहा वर्षं तिनं दगड फोडले. हातोडी लहान, मऊ लोखंडाची. तरी ती प्रत्येक नव्या हातोडीवर आधी कानस लावून बघायची. कानस धरली तरच घ्यायची. मुकादम तिला वेडी म्हणायचा.

सदुसष्ट सालच्या माघात एक दिवस तलासरीच्या नाक्यावर एसटी थांबली आणि कुसुमबाई उतरली. पांढरं पातळ, कपाळ मोकळं. विचारत विचारत ती खडीच्या ढिगापर्यंत आली. शुक्रीनं तिला आधी ओळखलं नाही. हात बघितले, बांगड्या नव्हत्या, म्हणून तर आणखीनच नाही.

"ते गेले गो," कुसुमबाई म्हणाली आणि दगडावर बसली. "झोपेतच. आज वीस दिवस झाले."

शुक्रीनं हातोडी खाली ठेवली.

कुसुमबाईनं पिशवीतून कुंकवाची एक जुनी डबी काढली. "झोपताना ते डोळा काढून वाटीतल्या पाण्यात ठेवायचे. सकाळी वाटीतच होता. मला टाकवेना. तुला त्यांनी कबूल केला होता ना? शुक्रीचं तेवढं राहिलं, असं एकदा दारूच्या तारेत म्हणाले होते. मी म्हटलं, गेलेल्या माणसाच्या माथी कुणाचं काही राहू नये." तिनं डबी उघडून पुढं केली. "वापरलेला आहे, पण चांगला आहे. मुंबईचा. बसतो का बघ."

ती हे मनापासून बोलत होती, आणि हेच त्यातलं सगळ्यात वाईट. पुण्य करायला ती बाई वाणगावाहून दोन गाड्या बदलून आली होती.

शुक्रीनं डोळा तळहातावर घेतला. तो मागून पोकळ होता, शिंपलीसारखा. पुढून तपकिरी, आणि लाल धाग्यांसकट शेटचाच. तो तिच्याकडे बघत होता, पण ऐरणीवर ठोकळा नसताना शेट जसा बघायचा तसा, म्हणजे न बघता. तिनं तो उलटासुलटा केला. कुसुमबाई आशेनं तिच्या तोंडाकडे बघत होती.

मग शुक्रीनं तो समोरच्या सपाट दगडावर ठेवला, बुबुळ वर करून. हातोडी उचलली. डाव्या हातानं पदर ओढून चांगल्या डोळ्यावर घेतला आणि हातोडी काचेला हलकेच टेकवून जागा घेतली.

"अगो, हे काय करतेस?" कुसुमबाई म्हणाली.

"तोंड फिरवा, बाय. टवका उडतो."

तिचं सांगणं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी ऐकलं. कुसुमबाईनं तोंड फिरवलं.